डब्यातल्या अंगठ्या, बरणीवरचे बिल्ले

शिकागो येथे १८९३ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनाची आठवण आपल्याकडे निघते ती बहुधा स्वामी विवेकानंदांमुळे. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत ११ सप्टेंबर रोजी त्यांनी केलेले भाषण आपल्या शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचले आहे. त्याच प्रदर्शनात शेतमालाच्या दालनाच्या वरच्या मजल्यावर पिट्सबर्गचा एक लोणचेविक्रेता मात्र वेगळ्याच चिंतेत होता. त्याचे नाव हेन्री जॉन हाइन्झ. खालच्या मजल्यावरील देशोदेशींचे खाद्यपदार्थ पाहून दमलेले प्रेक्षक जिना चढून वर येण्यास तयार नव्हते आणि हाइन्झची मांडणी ओस पडली होती.

त्याने एक तोडगा काढला. छोटी छापील कार्डे तयार करवून घेतली आणि ती प्रदर्शनाच्या आवारात वाटण्यासाठी, वाटेवर टाकण्यासाठी पोरांना पाठवले. हे कार्ड घेऊन वरच्या मजल्यावर येईल त्याला भेटवस्तू मोफत, एवढाच मजकूर. भेटवस्तू म्हणजे जेमतेम सव्वा इंच लांबीची, हिरव्या रंगाची, खडबडीत सालीची एक काकडी. अमेरिकेत लोणचे म्हणजे प्रामुख्याने व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी. त्या चिमुकल्या काकडीवर ‘हाइन्झ’ हे नाव उठवलेले होते आणि घड्याळाच्या साखळीत अडकवण्यासाठी एक कडी होती. ती गटापर्चाची होती. गटापर्चा म्हणजे मलाया भागातील झाडांचा घट्ट केलेला चीक. समुद्राखालच्या तारांना त्या काळी याचेच आवरण घालत.

गर्दी इतकी उसळली, की ती आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले आणि वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला खालून आधार द्यावा लागला. प्रदर्शन संपेपर्यंत सुमारे १० लाख काकड्या वाटल्या गेल्याचे सांगितले जाते.

यात एक गंमत अशी, की याच काकडीने हाइन्झला एकदा बुडवले होते. १८७५ साली त्याने शेतकऱ्यांशी ठरावीक भावाने सगळा माल उचलण्याचा करार केला होता. त्या वर्षी पीक अमाप आले, करार पाळताना हाती पैसा उरला नाही आणि त्याचे दिवाळे निघाले. पुढच्याच वर्षी आप्तांच्या नावावर त्याने पुन्हा धंदा उभा केला. अठरा वर्षांनंतर तीच काकडी लोकांच्या घड्याळाच्या साखळीला लटकू लागली होती. पुढे लटकनाऐवजी कोटाच्या कॉलरला लावण्याची टाचणी आली, गटापर्चाची जागा इतर साहित्याने घेतली. पण काकडी हटली नाही. १८९६ साली त्याने ‘५७ प्रकार’ हे ब्रीद स्वीकारले, तेव्हा त्याची कंपनी साठाहून अधिक पदार्थ बनवत होती. आकडा कानाला बरा वाटला, एवढेच त्यामागचे कारण.

दागिना कोणाचा, नाव कोणाचे?

खाद्यपदार्थांच्या कंपन्यांनी मोफत वाटलेल्या दागिन्यांचा इतिहास याच्या पुढचाच म्हणायला हवा. मोफत वस्तू त्यापूर्वीही वाटल्या जात होत्या. रंगीत चित्रांची कार्डे, पाककृतींच्या पुस्तिका, कॅलेंडरे यांचा सुळसुळाट होता. पण कार्ड वहीत जाते आणि कॅलेंडर वर्ष संपताच रद्दीत. दागिना अंगावर राहतो. तो घालणारा माणूस दुकानात, शाळेत, चर्चमध्ये कंपनीचे नाव मिरवत फिरतो आणि त्याबद्दल मजुरी मागत नाही. उलट भेट मिळाल्याबद्दल आभारच मानतो. जाहिरातीचा इतका स्वस्त फलक दुसरा नसेल.

हे शक्य झाले ते कारागिरीतील बदलामुळे. न्यूजर्सी राज्यातील न्यूअर्क येथील व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ साली सेल्युलॉइडच्या बिल्ल्याचे पेटंट मिळवले. छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, मागे पत्र्याची चकती आणि कडेत अडकवलेली तारेची टाचणी, अशी ती रचना. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत हे बिल्ले छातीछातीवर दिसले आणि च्युइंगगम विकणाऱ्यांनीही ते वाटले. पुढे कागदही नको झाला. पत्र्यावरच थेट रंगीत छपाई होऊ लागली. केलॉग कंपनीच्या ‘पेप’ या न्याहारीच्या पाकिटात १९४५ ते १९४७ या काळात निघालेले ८६ चित्रकथा-बिल्ले याच जातीचे. ते पाच मालिकांत निघाले. प्रत्येक मालिकेत सुपरमॅनचा बिल्ला ठरलेला. कारण नभोवाणीवरील सुपरमॅनच्या मालिकेचा प्रायोजकही ‘पेप’च होता.

अंगठ्यांचे तंत्र याहून साधे. पितळेची पातळ पट्टी, तिच्या टोकांमध्ये मुद्दाम ठेवलेली फट, म्हणजे कोणत्याही बोटाला बसावी, आणि वर ठसा उठवलेला माथा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅटलबरो हे गाव खऱ्या-खोट्या दागिन्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथील रॉबिन्स कंपनीच्या साच्यांतून अशा अनेक अंगठ्या आणि बिल्ले बाहेर पडले. शाळेची पदके बनवणारे हातच न्याहारीच्या पाकिटासाठी दागिने घडवीत होते. आज या वस्तू हातात घेतल्यावर त्यांच्या ठशांचा रेखीवपणा चकित करतो. भेट फुकट होती म्हणून काम मात्र फुकटेपणाने केलेले नव्हते.

नभोवाणी आणि डब्याचे सील

या धंद्याला खरी भरती आली ती १९३० च्या दशकात, नभोवाणीमुळे. ओव्हल्टीन हे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे १९०४ साली जन्मलेले माल्टचे पेय. अमेरिकेत त्याच्या उत्पादकांनी १९३१ पासून ‘लिट्ल ऑर्फन अ‍ॅनी’ या मुलांच्या नभोवाणी-मालिकेचे प्रायोजकत्व घेतले. १९३५ पासून या मालिकेच्या ‘गुप्त मंडळा’च्या सभासदांना दरवर्षी नव्या घडणीचा पितळी बिल्ला मिळू लागला. बिल्ल्यावर एक फिरती चकती. चकती निवेदकाने सांगितलेल्या खुणेवर लावायची, मग त्याने वाचलेल्या आकड्यांसमोर अक्षरे दिसत आणि गुप्त संदेश उलगडे. ज्याच्यापाशी बिल्ला नाही त्याच्यासाठी कार्यक्रमाची शेवटची काही मिनिटे म्हणजे निरर्थक आकड्यांची रांग. शाळेच्या मैदानावर याचा अर्थ काय होत असेल, हे सांगायला नको.

बिल्ला मिळवायचा तर ओव्हल्टीनच्या डब्याच्या झाकणाखालील पातळ सील टपालाने पाठवावे लागे. इतर कंपन्या खोक्याचे वरचे झाकण मागत आणि सोबत १० किंवा १५ सेंट. वस्तू बनवण्याचा आणि पाठवण्याचा बराचसा खर्च या नाण्यांतूनच निघे. म्हणजे दागिना ना पूर्णपणे मोफत होता, ना कंपनीला महाग. कंपनीला शिवाय दोन गोष्टी मिळत. एक, विकल्या गेलेल्या डब्याचा पुरावा. दुसरी, त्याहून मोलाची, मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला घरचा पत्ता. कार्यक्रम किती घरांत ऐकला जातो हे मोजण्याची साधने तेव्हा तोकडी होती. कोणत्या गावातून किती झाकणे आली यावरून जाहिरातदार श्रोत्यांचा अंदाज बांधत. मुलाला अंगठी हवी होती, कंपनीला गणती. व्यवहार पुरा होत होता. फक्त एका बाजूला तो व्यवहार आहे हे ठाऊक नव्हते.

‘अ ख्रिसमस स्टोरी’ (१९८३) या चित्रपटात याच बिल्ल्यावरून एक प्रसंग आहे. लहानगा नायक बिल्ल्याची आतुरतेने वाट पाहतो, न्हाणीघरात कडी लावून संदेश उलगडतो आणि त्यातून ओव्हल्टीन प्यायला विसरू नकोस, असा उपदेश निघतो. त्याचा हिरमुसलेला चेहरा अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहिला आहे. प्रत्यक्षातील संदेश बहुधा कथेच्या पुढील भागाविषयी असत. चित्रपटाने वस्तुस्थितीला थोडी मुरड घातली, पण मर्मावर बोट ठेवले.

मराठी घरांत पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना येथे बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी आठवतील. तो खाद्यपदार्थ नव्हे आणि दागिनाही नव्हे. पण १९५२ पासून रेडिओ सिलोनवर गाजलेली बिनाका गीतमाला आणि खोक्यातला हत्ती यांचे नाते ओव्हल्टीन आणि अ‍ॅनीसारखेच होते. आवाज घरात शिरला, की पाठोपाठ वस्तू येई.

अंगठीतला अणू

या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे १९४७ सालची ‘अणुबॉम्ब अंगठी’. जनरल मिल्सच्या ‘किक्स’ या मक्याच्या न्याहारीचे झाकण आणि १५ सेंट पाठवले, की ‘लोन रेंजर’ या मुखवटाधारी घोडेस्वाराच्या नावाने ही अंगठी घरी येई. हिरोशिमावर बॉम्ब पडून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती.

अंगठीच्या माथ्यावर रुपेरी बॉम्बची छोटी प्रतिकृती होती. तिची लाल शेपटी काढली, की चिठ्ठी लपवण्याची जागा आणि पाहण्यासाठी भिंग. अंधाऱ्या खोलीत काही वेळ थांबून, डोळे अंधाराला सरावले की आत पाहायचे. इवल्या ठिणग्या चमकताना दिसत. ही हातचलाखी नव्हती. आत पोलोनियम-२१० या किरणोत्सर्गी द्रव्याचा अंश होता. त्यातून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळत आणि प्रत्येक आघाताला प्रकाशाचा ठिपका उमटे. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १९०३ साली बनवलेल्या एका उपकरणाचे हे बाळरूप. अल्फा कणांना कागदाचा कपटाही अडवतो, त्यामुळे अंगठी बोटात घालण्याने इजा होण्याचे कारण नव्हते. पोलोनियम पोटात गेले तर मात्र गोष्ट निराळी.

पोलोनियम-२१० चे अर्धायुष्य १३८ दिवसांचे. दर १३८ दिवसांनी ते निम्मे होत जाते. म्हणजे अंगठी हाती आल्यानंतर वर्षभरात ठिणग्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास आल्या आणि काही वर्षांत पार विझल्या. आज संग्राहकांकडे असलेल्या या अंगठ्यांत कितीही वेळ डोकावले तरी काळोखच दिसतो. मुलांच्या न्याहारीबरोबर अणुबॉम्ब घरी पाठवावा, आणि ते कोणाला वावगे वाटू नये, हा त्या दोन-चार वर्षांतल्या अमेरिकेच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून ही अंगठी जपली जाते. कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा ती अधिक बोलते, असे मला वाटते.

महायुद्धाच्या काळात मात्र धातू शस्त्रांकडे वळला आणि भेटी कागदाच्या, पुठ्ठ्याच्या झाल्या. ओव्हल्टीनच्याच ‘कॅप्टन मिडनाइट’ या पुढच्या मालिकेचा सांकेतिक बिल्ला १९४३ आणि १९४४ साली निघालाच नाही.

क्रॅकर जॅकची अंगठी

टपालाची वाट पाहण्याची गरज नसलेला प्रकार म्हणजे क्रॅकर जॅक. काकवीत घोळवलेल्या मक्याच्या लाह्या आणि शेंगदाणे यांच्या या पाकिटात १९१२ पासून प्रत्येक वेळी एक बक्षीस असे. सुरुवातीच्या अनेक वस्तू शिसेमिश्रित ओतीव धातूच्या, नंतर पत्र्याच्या, मग प्लॅस्टिकच्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पुष्कळशा जपानहून येत. इंडियानातील चित्रकार कॅरी क्लाउड यांनी वर्षानुवर्षे या बक्षिसांची रचना केली. ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’ (१९६१) या चित्रपटात नायक-नायिका क्रॅकर जॅकच्या पाकिटातली अंगठी घेऊन न्यूयॉर्कमधील टिफनी या उंची जवाहिऱ्याकडे जातात आणि तिच्यावर अक्षरे कोरून मागतात. विक्रेता आढेवेढे न घेता होकार देतो. फुकटच्या अंगठीचा एवढा सन्मान दुसरीकडे झालेला नाही. २०१६ पासून पाकिटात वस्तू येत नाही. येते ते मोबाइलवर खेळ उघडणारी खूण छापलेले चिटोरे.

यामागे कायद्याचाही धाक आहे. मिठाईच्या आत अखाद्य वस्तू रुतवून विकण्यास अमेरिकेत १९३८ च्या अन्न व औषध कायद्याने बंदी घातली. पाकिटात वेगळ्या पुडीत ठेवलेली वस्तू त्यातून सुटली, तरी तीन वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतील अशा छोट्या वस्तूंवर पुढे निर्बंध आलेच.

शिशाचा प्रश्न याहून गंभीर. जुलै २००४ मध्ये अमेरिकी सुरक्षा आयोगाने नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांतून विकले गेलेले तब्बल १५ कोटी खेळातले दागिने परत मागवले. त्यांतील अनेकांमध्ये शिसे घातक प्रमाणात होते. हे दागिने बनले होते भारतात. २००६ च्या फेब्रुवारीत मिनेसोटा राज्यात चार वर्षांचा एक मुलगा शिशाच्या विषबाधेने दगावला. बुटांच्या खरेदीवर मोफत मिळालेल्या बांगडीचे बदामी लटकन त्याने गिळले होते. ते जवळजवळ निव्वळ शिशाचे निघाले. जुन्या बाजारातून हौसेने आणलेला बिल्ला वा लटकन लहान मुलाच्या हाती देऊ नये, ते यासाठीच.

मुरंब्याच्या बरणीवरचा बाहुला

आता ब्रिटनकडे वळू. तेथील गोष्ट सर्वांत सुंदर दागिन्यांची आणि सर्वांत अप्रिय प्रश्नाचीही आहे. स्कॉटलंडमधील पेझली येथील रॉबर्टसन कंपनी मार्मालेड, म्हणजे संत्र्याच्या सालींचा मुरंबा, बनवी. १९१० च्या सुमारास तिने ‘गॉली’ हा काळा बाहुला आपले बोधचिन्ह म्हणून स्वीकारला. १९२८ पासून बरण्यांवरील कागदी गॉली जमवून पाठवणाऱ्यांना मीनाकाम केलेला बिल्ला मिळू लागला. पहिला गॉली गोल्फ खेळणारा. नंतर क्रिकेट, फुटबॉल, वाद्ये वाजवणारे असे शेकडो नमुने आले. पितळेवर ठसा, खोलगट भागांत रंगीत काचेची पूड, भट्टीत भाजणे आणि घासून झळाळी आणणे, हे सारे बर्मिंगहॅमच्या कारागिरांचे काम. असे दोन कोटींहून अधिक बिल्ले वाटले गेले. मुरंब्याची बरणी रिकामी होण्याची वाट पाहणारी कित्येक मुले त्या देशात वाढली.

पण हा बाहुला आला कोठून? फ्लॉरेन्स अप्टन या चित्रकर्तीच्या १८९५ सालच्या बालपुस्तकातून. आणि त्या पुस्तकातला बाहुला घडला होता अमेरिकेतील त्या तमाशांच्या वळणावर, ज्यांत गोरे नट तोंडाला काळे फासून निग्रोंची टवाळी करीत. भोकरासारखे डोळे, जाड लाल ओठ, पिंजारलेले केस ही त्या टवाळीचीच चिन्हे. महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, आफ्रिका आणि आपल्या उपखंडातून माणसे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली. त्यांच्या मुलांना शाळेत याच बाहुल्याच्या नावाने हिणवले जाऊ लागले, तेव्हा बरणीवरचे चित्र निरागस राहिले नाही. १९८० च्या दशकात कंपनीवर बहिष्काराचे आवाहन झाले. बाहुला आधी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून गेला, २००१ साली बरणीवरून आणि बिल्ल्यावरूनही. मुलांना आता त्याचे आकर्षण उरलेले नाही, असे कारण कंपनीने दिले. टीकेपुढे आपण झुकलो हे तिने मान्य केले नाही.

आज या बिल्ल्यांचे संग्राहक आणि त्यांना विरोध करणारे समोरासमोर आहेत. संग्राहक म्हणतात, आमच्या लहानपणीच्या आठवणीत द्वेष नव्हता. ते खरेही असेल. पण बिल्ला घालणाऱ्याची आठवण आणि तो पाहणाऱ्याची आठवण एकच असते असे नाही, आणि दागिना घातला जातो तो पाहिला जावा म्हणूनच. बिल्ले वितळवून टाकावेत असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. ते संग्रहालयाच्या काचेआड, सविस्तर टिपणासह असावेत. कोटावर नकोत.

जुने आणि नवे

ज्यांना या वस्तू गोळा करण्याची हौस आहे, त्यांनी प्रथम मागची बाजू पाहावी. सेल्युलॉइडच्या जुन्या बिल्ल्यांच्या पोकळ पाठीत बनवणाऱ्याचे नाव आणि पेटंटचा उल्लेख असलेला कागद असे. तो शाबूत असेल तर निम्मे काम झाले. सेल्युलॉइड पिवळे पडते, त्याला ओल सोसत नाही आणि ते भुरकन पेट घेते. उन्हात, दिव्याजवळ वा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ते ठेवू नये. पितळी अंगठ्या चिंच किंवा लिंबू लावून लखलखीत करण्याचा आपल्याकडचा घरगुती मोह आवरावा. वर्षांनुवर्षांचा काळपट थर हाच त्यांच्या वयाचा दाखला असतो, आणि मुलामा असला तर तोही आंबटाने निघून जातो. सांकेतिक बिल्ल्याची चकती जोर लावून फिरवू नये.

हाइन्झच्या काकडीचे वय ओळखणे मात्र अवघड. गटापर्चाचे कडीवाले लटकन सापडले तर ते जुने खरे. पण टाचणीवाली काकडी पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिली आणि तिची एकूण संख्या दहा कोटींच्या पलीकडे गेली. दुर्मीळ नसल्यामुळे बाजारात तिला फारसा भाव नाही. हेन्री हाइन्झ १९१९ साली वारला. त्याच्या गावच्या, पिट्सबर्गच्या इतिहास संग्रहालयात जाणाऱ्यांच्या कोटावर ही हिरवी काकडी दिसत आली आहे.